फी माफ, अंतर कायम

शिष्यवृत्तीच्या बातमीला एक ठरलेला फोटो असतो. मंचावर पाहुणे, हातात भला मोठा धनादेश, शेजारी संकोचून उभी असलेली मुलगी आणि खाली ओळ: खेड्यातल्या गुणवंतांना मदतीचा हात. फोटोत खोटं काही नसतं. फक्त तोवर प्रवेश होऊन बरेच महिने उलटलेले असतात. खोलीची अनामत, सुरुवातीचं भाडं, पुस्तकं, प्रवास हे सगळं घरच्यांनी इकडून तिकडून उसनं करून भागवलेलं असतं. धनादेश त्या उसनवारीतला काही भाग फेडतो. जिच्या घरच्यांना तेवढंही उसनं मिळालं नाही, ती फोटोत नसते. ती शहरापर्यंत पोचलेलीच नसते.

ग्रामीण विद्यार्थ्यांसाठीच्या बहुतेक शिष्यवृत्त्या भलत्याच गोष्टीचे पैसे देतात, असं माझं मत आहे. त्या हुशारीचे पैसे देतात, फीचे देतात, कधी गरिबीचे देतात. पण शहरातल्या तितक्याच गरीब आणि तितक्याच हुशार मुलापेक्षा खेड्यातल्या मुलाला जास्तीचं काय लागतं, तर अंतर कापण्याचा खर्च. हे अंतर किलोमीटरमध्ये असतं, तसंच माहितीत असतं, कागदपत्रांत असतं, आणि पैसा कधी हातात पडतो त्या तारखेतही असतं. ते मधोमध ठेवून शिष्यवृत्ती आखायला बसलं, तर रक्कम, निकष, अर्ज आणि हप्ते यांतलं फारसं काही आहे तसं राहत नाही.

किलोमीटरपासून सुरुवात करू. दोघांची गरिबी सारखीच असली, तरी शहरातला मुलगा संध्याकाळी आपल्या घरी झोपायला जातो. त्याला वेगळी खोली लागत नाही, वेगळी चूल मांडावी लागत नाही, ताप आला तर उशाशी बसायला माणूस असतं. घरी राहून शिकता येणं ही शहराने आपल्या मुलांना दिलेली, कुठल्याही अंदाजपत्रकात न दिसणारी शिष्यवृत्ती आहे. खेड्यातल्या मुलाच्या वाट्याला ती येत नाही. उलट तो गेला की घरातले कामाचे दोन हातही जातात. शेत, गुरं, धाकटी भावंडं, म्हातारी माणसं यांचं जे काही तो बघत होता, ते दुसऱ्या कुणाला तरी बघावं लागतं, नाहीतर मजुरी देऊन करून घ्यावं लागतं. फी माफ झाली की शिक्षण फुकट झालं, हे कॉलेजच्या आसपास राहणाऱ्यांनाच लागू पडतं. बाकीच्यांच्या खर्चात फी हा एक आकडा असतो, आणि सरकारी कॉलेजांत तर पुष्कळदा लहान आकडा.

आयर्लंडने हे अंतर चक्क नियमात लिहून ठेवलं आहे. तिथल्या सरकारी विद्यार्थी अनुदानाचे दोन दर आहेत. कॉलेजजवळ राहणाऱ्यांना कमी, लांबून येणाऱ्यांना बरंच जास्त. मग लांब म्हणजे किती, हा प्रश्न आलाच. मंदीनंतरच्या काटकसरीत, २०११च्या अंदाजपत्रकात, ही मर्यादा २४ किलोमीटरवरून ४५ वर नेली गेली. कॉलेजपासून ४० किलोमीटरवरचं गाव होतं तिथेच राहिलं, रस्ता तोच राहिला, पण कागदावर ते गाव जवळ आलं. २०२२ मध्ये मर्यादा ३० किलोमीटरवर उतरवली, तेव्हा ते पुन्हा लांब गेलं. फी वाढली की ती सगळ्यांना दिसते, तिच्यावर मोर्चे निघतात. नियमातला किलोमीटरचा आकडा बदलला की ज्यांचं नुकसान होतं ते निरनिराळ्या गावांत विखुरलेले असतात, एकमेकांना ओळखतही नाहीत. काटकसर करणाऱ्यांना अशी कलमं बरोबर सापडतात.

ऑस्ट्रेलियाने किलोमीटरऐवजी वेळ धरला, आणि मला तो मापदंड अधिक शहाणपणाचा वाटतो. २०२१ पासून तिथे ‘टर्शरी ॲक्सेस पेमेंट’ नावाची एकरकमी मदत आहे, ५,००० डॉलरपर्यंत. शाळा संपवून पूर्णवेळ शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या दूरच्या प्रदेशांतल्या मुलांसाठी ती आहे, आणि शिक्षणसंस्था घरापासून सार्वजनिक वाहनाने किमान ९० मिनिटांवर हवी अशी तिची अट आहे. महामार्गावरचे पंधरा किलोमीटर आणि घाटातले पंधरा किलोमीटर एक नव्हेत, हे त्या अटीत आपोआप येतं. तिथल्या स्थलांतर शिष्यवृत्तीचा पहिल्या वर्षाचा हप्ता पुढच्या वर्षांपेक्षा मोठा असतो. अनामत, गादी, भांडी, ओळखीपाळखी नसल्याने पडणारे जास्तीचे पैसे हे सगळं पहिल्याच वर्षी अंगावर येतं, हे कुणीतरी नीट पाहिलेलं दिसतं.

एवढं करूनही त्या देशाला दरी बुजवता आलेली नाही. २०१९च्या राष्ट्रीय आढाव्यात नोंद आहे की प्रादेशिक आणि दुर्गम भागात वाढलेल्या व्यक्तीकडे वयाच्या पस्तिशीपर्यंत पदवी असण्याची शक्यता महानगरात वाढलेल्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. शिवाय तिथला एक नियम असा, की सरकारी भत्त्यासाठी आपण आईवडिलांवर अवलंबून नाही हे सिद्ध करायला ग्रामीण विद्यार्थी शाळेनंतर वर्षभर नोकरी करून ठराविक कमाई दाखवतात. म्हणजे शिकायला जाता यावं म्हणून आधी शिकणं थांबवायचं. वर्षभर पगार हातात आल्यावर त्यातले किती जण पुस्तकांकडे वळत असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

इथे शहरी गरिबांचा प्रश्न निघतो, आणि तो रास्त आहे. शहरातल्या झोपडीत अभ्यासाला कोपरा न मिळणाऱ्या मुलीने काय पाप केलं? काहीच नाही. गरिबीची मदत तिला मिळायलाच हवी, तितकीच आणि त्याच दराने. अंतराचा भत्ता त्याच्यावर वेगळा असावा आणि तो गावाच्या नावावर ठरू नये. तिला दुसऱ्या शहरात शिकायला जावं लागलं तर तिलाही तो मिळावा. याचा एक फायदा असा, की ‘ग्रामीण’ कोण हा वाद उरत नाही. सात-बाऱ्यावर नाव आहे पण घरदार शहरात आहे, अशा मंडळींनी ग्रामीण कोट्यांचं काय केलं आहे ते सर्वांना माहीत आहे. घरापासून वर्गापर्यंत पोचायला किती वेळ लागतो आणि घरात किती पैसे येतात, या दोन प्रश्नांची उत्तरं रहिवासी दाखल्यापेक्षा खूप काही सांगतात.

मराठी वाचकाला यातलं काही नवं वाटण्याचं कारण नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत आणणारं वसतिगृह सुरू केलं आणि १९४७ मध्ये साताऱ्याचं कॉलेज. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी राहण्याची सोय, कॉलेज पुढे बऱ्याच वर्षांनी. भाषणांत आपण या दोघांची नावं घेतो आणि शिष्यवृत्तीचं परिपत्रक काढताना त्यांनी नेमकं कशापासून सुरुवात केली तेच विसरतो. भारताच्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीत वसतिगृहात राहणाऱ्यांचा आणि घरून ये-जा करणाऱ्यांचा दर वेगळा आहे, म्हणजे तत्त्व मान्य आहे. पण त्या दोन दरांतला फरक आणि बाजारातलं खोलीभाडं यांची गाठ फार क्वचित पडते. ‘कमवा आणि शिका’ची आठवणही हल्ली सोयीने काढली जाते. सरकारी तिजोरी आपली नव्हती त्या काळात स्वाभिमानाने शिकण्याची ती वाट होती. आज विद्यार्थ्याने रात्रपाळी करून वर्गात पेंगत बसावं म्हणून ते नाव वापरणं हा भाऊरावांवर अन्याय आहे.

दुसरं अंतर कागदांचं. याच्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण पैसा न वाढवताही इथे पुष्कळ काही करता येतं आणि नेमकं तेच होत नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज लिहिणारा माणूस कार्यालयात बसलेला असतो. त्याच्यासमोर संगणक असतो, शेजारी झेरॉक्सचं यंत्र असतं, अडलं तर विचारायला सहकारी असतो. अर्ज भरणारा बहुधा घरातला कॉलेजला जाणारा पहिलाच. कुठला दाखला कुठे मिळतो, ‘शिक्षणाचा एकूण खर्च’ या रकान्यात काय लिहायचं, अर्ज ‘प्रलंबित’ दिसतोय म्हणजे आता आपण काही करायचं की नुसती वाट बघायची, हे सांगणारं त्याच्या घरात कुणी नसतं. पोर्टल आल्याने रांग गेली, ही गोष्ट खरी आहे. पण रांगेत पुढे-मागे माणसं तरी असायची. त्यांच्यातलं एखादं सांगायचं की बाबा, तुझ्या कागदावर शिक्का नाही, परत जा.

अमेरिकेत २००८ मध्ये ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत एक प्रयोग झाला. कमी उत्पन्नाची कुटुंबं करविवरण भरायला एका मोठ्या करसल्लागार कंपनीच्या कार्यालयांत येत. त्यांपैकी काहींना तिथल्या तिथे केंद्र सरकारच्या शिक्षणमदतीचा अर्ज भरून दिला. बरीचशी माहिती विवरणात होतीच, त्यामुळे काम थोड्या मिनिटांत होई. दुसऱ्या गटाला तुम्हाला किती मदत मिळू शकते एवढीच माहिती दिली. तिसऱ्याला यातलं काही नाही. पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटातल्या शाळकरी मुलांत २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. नुसती माहिती मिळालेल्या गटात काहीच फरक पडला नाही. जनजागृती शिबिरं, माहितीपत्रकं आणि मार्गदर्शन मेळावे यांवर खर्च करणाऱ्या प्रत्येक विभागाने हे शेवटचं वाक्य भिंतीवर लावावं. लोकांना ठाऊक नसतं असं आपण धरून चालतो. ठाऊक असतं. अर्ज भरायला शेजारी बसणारं माणूस नसतं.

मिशिगन विद्यापीठाचा प्रयोग याच्याही पुढे गेला. २०१५ पासून त्यांनी राज्यातल्या हुशार पण कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांची नावं सरकारी नोंदींतून काढली. शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळण्याची पात्रता हाच उत्पन्नाचा पुरावा धरला. मग त्यांतल्या काही शाळांमधल्या विद्यार्थ्यांना घरी एक जाड, विद्यापीठाच्या रंगातलं पाकीट पाठवलं: प्रवेश मिळाला तर चार वर्षं तुला फी नाही, त्यासाठी उत्पन्नाचा एकही फॉर्म भरायला नको. मौज अशी, की फीची ही माफी त्यांतल्या बहुतेकांना नेहमीच्या मार्गाने अर्ज केला असता तरी मिळाली असती. विद्यापीठाने मदत वाढवली नव्हती. फक्त ती आधी आणि ठामपणे सांगितली होती. पाकीट मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी अर्ज केला, न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे २७ टक्के विरुद्ध १२ टक्के.

याचं मला मुळीच नवल वाटत नाही. ज्या घरात वर्षाचा पैसा पावसावर आणि बाजारभावावर येतो, त्या घराने ‘बहुतेक मिळेल’ हे शब्द जन्मभर ऐकलेले असतात. नुकसानभरपाई बहुतेक मिळेल, विम्याचे पैसे बहुतेक येतील. अशा घराला ‘पात्र ठरल्यास, निधी उपलब्ध असल्यास’ असं छापलेलं पत्रक द्या. तो होकार आहे असं तिथे कुणीच समजणार नाही. मुलाला शहरात पाठवायचं की नाही हा निर्णय प्रवेशाच्या आधी होतो आणि मंजुरीचं पत्र प्रवेशानंतर येतं. मधल्या काळात कुणी जोखीम घ्यायची, तर ज्याच्याकडे ती घ्यायची ऐपत सगळ्यात कमी आहे त्याने. हा क्रम उलटा करायला पैसे लागत नाहीत. विद्यार्थी दहावी-बारावीत असतानाच त्याला लेखी सांगता येतं. सरकारनेच दिलेले दाखले पुन्हा सरकारलाच दाखवायला लावणं थांबवता येतं. दर वर्षी नव्याने सगळे कागद मागण्याऐवजी परिस्थिती बदलली तरच कळवा, असं म्हणता येतं. होत नाही, कारण एक चुकीचा लाभार्थी आत आला तर अधिकाऱ्याला जाब विचारला जातो, आणि शंभर बरोबर लाभार्थी बाहेर राहिले तर कुणीच काही विचारत नाही.

गुणवत्तेबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर मतं आधीच पक्की असतात. ज्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला शिक्षक नाही, तिथल्या मुलीचे त्या विषयातले गुण आणि शिकवणी लावलेल्या मुलाचे गुण एका यादीत मांडले की यादी काय मोजते? हुशारी थोडी, अंतर बरंच. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९९३ मध्ये शाळेतल्या गुणांवर आधारित मोठी शिष्यवृत्ती सुरू केली. कॉलेजला जाणारे वाढले, पण वरच्या आणि खालच्या उत्पन्नगटांतली दरीही रुंदावली, असं अभ्यासकांना आढळलं. तिचा पैसा राज्याच्या लॉटरीतून येतो. तिकिटं कोण घेतं आणि शिष्यवृत्ती कोण घेतं, हा हिशोब वाचकाने मनातल्या मनात मांडून पाहावा. टेक्सासने १९९७ मध्ये दुसरी वाट काढली. प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश. ज्या लहानसहान गावांतून ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठात कधी कुणी गेलं नव्हतं, तिथूनही मुलं जाऊ लागली. काही पालकांनी वरचा क्रमांक मिळावा म्हणून मुलांना मुद्दाम कमी स्पर्धेच्या शाळांत घातलं, असंही दिसलं. त्यात मला फारसं वाईट वाटत नाही. चांगली मुलं कमजोर शाळेत राहिली तर बिघडलं काय? फक्त प्रवेश म्हणजे भाडं नव्हे. यादीत नाव आलं म्हणून खोली मिळत नाही.

आता कळीचा मुद्दा. खेड्याच्या नावाने शिकलेली मुलं खेड्यात परत येत नाहीत. मग शिष्यवृत्ती म्हणजे गाव रिकामं करायला दिलेलं अनुदानच नाही का? हा आक्षेप गावातली माणसंच घेतात, तेव्हा तो हलक्यात घेता येत नाही. त्यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे बाँड. शिकवतो, पण इतकी वर्षं परत येऊन काम कर.

बाँड कुठे चालतो ते आधी पाहू. जपानमधलं जिची वैद्यकीय विद्यापीठ १९७२ मध्ये देशातल्या प्रांतांनी मिळून उभं केलं, तेच मुळी दुर्गम भागांना डॉक्टर मिळावेत म्हणून. प्रत्येक प्रांतातून दर वर्षी मोजकेच दोन-तीन विद्यार्थी निवडले जातात. सहा वर्षांच्या शिक्षणाचा खर्च कर्जाऊ दिला जातो आणि आपल्या प्रांतात नऊ वर्षं सेवा केली की तो माफ होतो. या नऊ वर्षांत बेटांवरची आणि डोंगरातली रुग्णालयं येतात. बहुसंख्य पदवीधर ही मुदत पूर्ण करतात. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नातालच्या उत्तर टोकाला इंग्वावुमा इथल्या मोस्वोल्ड रुग्णालयात डॉ. अँड्र्यू रॉस यांनी १९९९ मध्ये एक योजना सुरू केली. मुलं त्याच भागातली निवडायची, निवडीआधी त्यांनी रुग्णालयात काही दिवस स्वेच्छेने काम करायचं, सुट्टीतही तिथेच यायचं, शिक्षण चालू असताना कुणीतरी त्यांची सतत विचारपूस करायची आणि जितकी वर्षं मदत घेतली तितकी वर्षं परत येऊन काम करायचं. पुढे ही योजना उमथोंबो प्रतिष्ठान या नावाने वाढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१०च्या मार्गदर्शक शिफारशींतही ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य आणि सेवेच्या अटीवर शिष्यवृत्ती या दोन्ही गोष्टी आहेत.

या दोन्ही ठिकाणी बाँडच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघा. रुग्णालय आहे, जागा आहे, पगार आहे, आधी गेलेले वरिष्ठ आहेत. विद्यार्थ्याने येण्याचं वचन दिलं आहे तसं संस्थेने त्याला सामावून घेण्याचंही दिलं आहे. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, पशुवैद्य यांच्या बाबतीत असं वचन देता येतं. भूगर्भशास्त्र, कायदा, रंगभूमी शिकणाऱ्याला गावाने काय देऊ करायचं? जागा नाही, पगार नाही, फक्त परत ये म्हणायचं, हा करार एकतर्फी आहे.

आणि करारात नोकरशाही घुसली की काय होतं, त्याचा नमुना अमेरिकेतल्या ‘टीच’ अनुदानात सापडतो. २००७च्या कायद्याने आलेली ही योजना भावी शिक्षकांना वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत देते. अट अशी, की आठ वर्षांत किमान चार वर्षं गरीब वस्तीच्या शाळांत शिक्षकांची चणचण असलेले विषय शिकवायचे. अट मोडली तर अनुदानाचं कर्ज होतं, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शिक्षण विभागानेच करवून घेतलेल्या अभ्यासात दिसलं की जुलै २०१४ पूर्वी ज्यांची सेवेची मुदत सुरू झाली होती, त्यांच्यातल्या ६३ टक्के जणांचं अनुदान कर्जात बदललं होतं. त्यांत सेवा न करणारे होते, तसे ठरल्या शाळेत इमानाने शिकवणारे पण वार्षिक फॉर्म उशिरा किंवा एखाद्या सहीविना पाठवणारेही होते. बराच गवगवा झाल्यावर सरकारने चुका दुरुस्त करायला घेतल्या. मदत म्हणून दिलेला पैसा कागदाच्या चुकीने सावकारी होतो, हे ज्या घराने एकदा पाहिलं ते घर पुढच्या योजनेच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही.

शिवाय यात एक मूलभूत अन्याय आहे आणि तो सहसा कुणी बोलून दाखवत नाही. शहरातला मुलगा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजात शिकतो, पुढे दुसऱ्या शहरात नाहीतर परदेशात जातो. तू आपल्याच वॉर्डात राहून परतफेड कर, असं त्याला कुणी म्हणत नाही. त्याच्या शिक्षणावर झालेला सरकारी खर्च हा त्याचा हक्क समजला जातो. खेड्यातल्या मुलीवर झालेला तसाच खर्च मात्र गावाचं ऋण होतं, आणि ते तिने जन्मभर वागवायचं. अठराव्या वर्षी, घरी पैसे नसताना केलेल्या सहीवर तिचं पुढचं दशक बांधून टाकायचं, तेही बहुतेक वेळा तिला गाव सोडून जाण्याची सगळी कारणं जागच्या जागी ठेवून.

नॉर्वेने ही गोष्ट उलट्या बाजूने धरली. देशाच्या उत्तर टोकाला फिनमार्क आणि नॉर-ट्रॉम्सच्या नगरपालिकांसाठी १९९० पासून एक विशेष क्षेत्र आहे. तिथे राहून काम करणाऱ्याच्या शैक्षणिक कर्जाचा काही भाग दर वर्षी माफ होतो. ही माफी बरीच वर्षं वर्षाला कर्जाच्या दहा टक्के, तीही २५,००० क्रोनरच्या मर्यादेत होती. शिवाय प्राप्तिकरात सवलत. मला यात आवडतं ते हे, की तुम्ही जन्मलात कुठे, हे तिथे कुणी विचारत नाही. माफी त्या जागेला चिकटलेली आहे. तिथली मुलगी परत आली तर तिला मिळते, आणि राजधानीत वाढलेला तरुण उत्तरेत शिक्षक म्हणून गेला तर त्यालाही. ज्याला जायचं नाही तो कर्ज नेहमीसारखं फेडतो, गुन्हेगार ठरत नाही. दुर्गम भागाला माणसं हवी असतील तर त्या भागाने, म्हणजे खरं तर सरकारने, तिथे राहण्याची किंमत मोजावी. ती किंमत तिथे जन्मलेल्या मुलांकडूनच वसूल का करायची?

उरतो शेवटचा आक्षेप, आणि हल्ली तोच सगळ्यात जोरात मांडला जातो: मुलांना हलवण्यापेक्षा शिक्षणच गावाकडे न्या, अंतराचा प्रश्नच संपेल. याला अनुभवाचा आधारही आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या कूमा या लहान शहरात २०१३ मध्ये स्थानिकांनी एक विद्यापीठ केंद्र काढलं. पदवी कुठल्याही विद्यापीठाची असो, केंद्र तुम्हाला बसायला जागा, वेगवान इंटरनेट, अभ्यासात मदत करणारा माणूस आणि मुख्य म्हणजे शेजारी अभ्यास करणारी चार माणसं देतं. पुढे सरकारने अशी केंद्रं देशभर पसरवली. लेकरं पदरी असलेल्या बाईला, शेती सोडता न येणाऱ्याला, तिशीत पुन्हा शिकू पाहणाऱ्याला याच्याइतकी चांगली सोय नाही. नुसता ऑनलाइन कोर्स आणि असं केंद्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि जी सरकारं फक्त कोर्स देऊन केंद्रावरचा खर्च वाचवतात ती स्वतःची फसवणूक करतात.

पण अशी केंद्रं शिष्यवृत्तीच्या जागी आली तर मला त्यांची भीती वाटते. केंद्रात काय शिकता येतं ते ठरतं केंद्राला काय परवडतं त्यावरून. शिक्षणशास्त्र येईल, लेखाकर्म येईल, शुश्रूषेचा काही भाग येईल. प्रयोगशाळा, कार्यशाळा, संग्रहालय, मोठं ग्रंथालय लागणारे विषय यायचे नाहीत. मग गावात राहूनही शिकता येतंच की, या वाक्याला धार चढते, आणि ती घरात सगळ्यात आधी मुलींवर चालते. भावाला अभियांत्रिकीसाठी शहरात खोली आणि बहिणीला जवळच्या केंद्रात जे मिळेल ते. दोन्हीकडे आकडेवारी छान दिसेल, दोघंही पदवीधर होतील. म्हणून केंद्र उघडल्याच्या कारणाने त्या भागाचा अंतरभत्ता कमी करणारा कुठलाही आदेश निघाला, तर त्याला पहिल्याच दिवशी विरोध करायला हवा. केंद्र किती जवळ आलं, यावरून तो भत्ता ठरता कामा नये. तिला जे शिकायचं आहे ते घरापासून किती लांब आहे, तेवढंच मोजलं जावं.